चौसष्ट घरांची मल्लिनाथी

'टीका' या शब्दाची मराठीत जी घसरण झाली, तिची हळहळ साहित्याच्या अध्यापकाला वाटणे स्वाभाविक आहे. मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणारे लेखन ते टीका. आज मात्र एखाद्याने 'टीका केली' म्हटले की त्याने दोष काढले एवढेच आपल्याला ऐकू येते. मल्लिनाथाच्या वाट्याला तर याहूनही विचित्र दैव आले. कालिदासाच्या काव्यावर संजीवनी लिहिताना मुळात नाही ते लिहिणार नाही आणि गरजेचे नाही ते सांगणार नाही, अशी ग्वाही देणारा हा टीकाकार. त्याच्याच नावावरून मराठीत 'मल्लिनाथी' हा शब्द रुळला, आणि त्याचा अर्थ काय, तर कोणी न मागता जोडलेला खोचक शेरा! ज्याने अनपेक्षित बोलणार नाही म्हटले, त्याच्या नावावर सगळे अनपेक्षित बोलणे जमा झाले.

टीका या शब्दाचे दोन्ही अर्थ, म्हणजे उलगडणे आणि बरेवाईट ठरवणे, अजूनही एकत्र नांदतात असा एक लेखनप्रकार आहे. तो साहित्याच्या इतिहासात सहसा मोजला जात नाही. बुद्धिबळाच्या खेळलेल्या डावावर लिहिलेल्या टीपा, हा तो प्रकार. प्रत्येक चालीचा हेतू सांगायचा, न खेळलेल्या चालीही दाखवायच्या, चूक कोठे झाली ते बोट ठेवून सांगायचे, आणि हे सारे करताना डाव वाचकाच्या डोळ्यांसमोर घडता ठेवायचा. चांगला टीपाकार हे कसे साधतो आणि मराठीत अशी परंपरा का उभी राहिली नाही, या दोन प्रश्नांभोवती हा लेख फिरणार आहे. दुसरा प्रश्न सांगलीतल्या विश्रामबागेत राहणाऱ्यांना पडावा यात नवल नाही. या गावाला हळदीची पेठ म्हणतात, नाट्यपंढरी म्हणतात. आणि बुद्धिबळ हे इथले तिसरे व्यसन आहे. स्वातंत्र्याआधीपासून चालत आलेले नूतन बुद्धिबळ मंडळ, भाऊसाहेब पडसलगीकरांची तपश्चर्या आणि उन्हाळ्याच्या सुटीतल्या स्पर्धा यांमुळे या गावात घोड्याची चाल शिकलेली मुले घरोघर सापडतात. घोड्याच्या चालीविषयी लिहिणारे मात्र शोधावे लागतात.

गंमत अशी की आपल्याकडे बुद्धिबळ आणि टीका यांची गाठ फार पूर्वीच पडली होती, आणि तीही काव्यशास्त्राच्या अंगणात. नवव्या शतकातल्या काश्मीरच्या रुद्रटाने 'काव्यालंकार' लिहिला. त्यातल्या चित्रकाव्याच्या प्रकरणात रथपद, गजपद आणि तुरगपद अशा रचना आहेत. अनुष्टुभाची बत्तीस अक्षरे आठ-आठच्या चार ओळींत मांडली की अर्धा पट होतो. त्या पटावर घोड्याच्या अडीच घरांच्या उडीने अक्षरे वाचत गेले तरी तोच श्लोक हाती यावा, अशी ती करामत. त्यासाठी कवीला तीच ती अक्षरे इतकी घोळवावी लागली की श्लोकाचा अर्थ लावणे ही स्वतंत्र शिक्षा होऊन बसली. अकराव्या शतकात नमिसाधू या जैन पंडिताने त्यावर टिप्पण लिहिले नसते तर यात काव्य कोठे आणि घोडा कोठे, हे सांगणे कठीण झाले असते. खेळाच्या इतिहासकारांना रुद्रटाच्या काव्यगुणांचे सोयरसुतक नाही. त्या काळी हत्ती कसा चालत असे याचा पुरावा म्हणून ते गजपदाकडे पाहतात. मूळ कृतीपेक्षा तिच्यावरची टीप जास्त उपयोगी ठरल्याचे हे एक जुने उदाहरण म्हणावे लागेल.

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ओळखीचा असलेला आणखी एक ग्रंथ इथे येतो. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याचा 'मानसोल्लास'. सुमारे ११२९ सालचा हा ग्रंथ आपण शिकवतो तो त्यातल्या देशी गीतांच्या मासल्यांसाठी, मराठीच्या जुन्या खुणांसाठी. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये बुद्धिबळाचे वर्णन आले आहे. म्हणजे मराठी बोल आणि बुद्धिबळाचा पट एकाच पोथीत शेजारी राहिले. पुढे आठशे वर्षे त्यांची फारशी बोलचाल झाली नाही.

ती का झाली नाही, याचे उत्तर देशी खेळाच्या स्वरूपात थोडेफार सापडते. महाराष्ट्रात जो डाव रंगत असे त्याचे नियम आजच्याहून वेगळे होते. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके, राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता येई, शेवटच्या घरात पोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात पोचे तेच मोहरे होई. समोरच्याचा राजा एकटा उरला की डाव बुर्जी. आणि सगळ्यांत मानाचा विजय म्हणजे प्यादेमात. या खेळावरची जी पुस्तके झाली ती कूटांची. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांनी संस्कृतात 'विलासमणिमंजरी' रचली आणि १८१४ साली मुंबईत तिचे इंग्रजी रूप छापले गेले. मराठीत विनायक राजाराम टोपे यांची 'बुद्धिबळक्रीडा' १८९३ साली पुण्यात निघाली. एच. जे. आर. मरे या इंग्रज अभ्यासकाने १९१३ साली बुद्धिबळाचा जो प्रचंड इतिहास प्रसिद्ध केला, त्यात देशी खेळाची माहिती देताना टोप्यांच्या पुस्तकाचाही आधार घेतला आहे. मराठी पुस्तकाला जगाच्या बुद्धिबळवाङ्मयात मिळालेला हा मान मराठी वाचकांच्या फारसा लक्षात राहिलेला नाही.

परंतु कूट आणि डाव यांत फरक आहे, आणि आमच्या मते सगळा प्रश्न या फरकातच आहे. कूट म्हणजे सुभाषित. ते एकट्याने रचलेले असते, त्यात प्रतिस्पर्धी नसतो, काळ नसतो, चूक तर नसतेच. 'पांढऱ्याने पाच चालींत प्याद्याने मात करावी' एवढे सांगितले की उत्तर एकच. डाव म्हणजे चरित्र. त्याला दोन लेखक, आणि दोघेही एकमेकांचे वाक्य मोडायला बसलेले. चरित्राला टीकाकार लागतो, सुभाषिताला लागत नाही. डाव लिहून ठेवण्याची रीत नव्हती म्हणून आपल्याकडे चरित्रे झाली नाहीत. सुभाषिते मात्र भरपूर झाली. पेशवाईच्या वाड्यांतून किती सुंदर डाव झाले असतील! त्यांतला एकही आज आपल्याला मांडून पाहता येत नाही. पटावरून मोहरी उचलली की डाव संपला, अगदी संपला.

म्हणून आधुनिक काळातला आपला पहिला मोठा खेळाडू आपल्याला भेटतो तो दुसऱ्याच्या वहीत. जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर कलकत्त्यात वकिली करीत असताना महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूशी त्याची गाठ पडली. त्यानंतर या दोघांनी शेकडो डाव खेळले. कॉक्रेन ते टिपून ठेवी. त्यांतले काही विलायतेतल्या मासिकांतून छापून आले. महेशचंद्र प्यादे एकेक घर सरकवण्याच्या देशी सवयीने उंट बाजूला बसवी आणि मध्यावर दुरून मारा करी. त्या पद्धतीला युरोपीय लेखकांनी 'इंडियन' म्हटले, आणि आज जगभरचे खेळाडू ज्या बचावांना किंग्ज इंडियन, निम्झो इंडियन म्हणतात त्यांच्या नावातला 'इंडियन' तिथून आला. अर्न्स्ट ग्रुनफेल्डने १९२२ साली जो बचाव प्रसिद्धीस आणला त्याच्या पहिल्या चाली महेशचंद्राच्या १८५५ च्या एका डावात आढळतात. पण महेशचंद्राला त्या चाली खेळताना काय वाटत होते? त्याने मध्य सोडून दिला तो धोरणाने की सवयीने? या प्रश्नाला उत्तर नाही. डावाच्या चाली उरल्या, त्यांच्यामागचा आवाज उरला नाही.

सुलतान खानाची कथा याच जातीची, फक्त अधिक ठळक. पंजाबातून १९२९ साली उमर हयात खान या सरदारांबरोबर विलायतेला गेलेला हा खेळाडू १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवले. पुढे तो मालकांबरोबर परत आला आणि पटापासून दूर झाला. त्याला लिहितावाचता येत नव्हते, पुस्तकातले त्याला काही ठाऊक नव्हते, अशी हकिकत अनेक दशके छापली गेली. अलीकडे त्याच्या कुटुंबीयांनी ती ठामपणे खोडून काढली आहे. त्याच्या डावांचे पुस्तक आर. एन. कोल्स या इंग्रजाने १९६५ साली केले; जागतिक संघटनेने त्याला मरणोत्तर सन्मान्य ग्रँडमास्टर ठरवले ते २०२४ साली. स्वतःच्या डावावर स्वतःच्या शब्दांत चार पाने त्याने लिहिली असती आणि ती वेळीच छापली गेली असती, तर निरक्षर चमत्काराची ती दंतकथा इतकी फोफावली नसती. स्वतःच्या डावावर टीप लिहिणे ही केवळ हौस नाही. जो आपल्या चालीचा अर्थ सांगत नाही, त्याच्या चालीचा अर्थ दुसरे सांगतात, आणि आपल्या सोयीने सांगतात.

सांगलीकराला इथे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आठवल्यावाचून राहत नाहीत. १८७२ साली याच गावात जन्मलेल्या या नाटककाराचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. कीचक म्हणजे कर्झन, हे संहितेत कोठेही लिहिलेले नव्हते. प्रेक्षकांनी आणि मग सरकारने ते वाचले. टीका संहितेपेक्षा ताकदवान ठरते ती अशी. याच खाडिलकरांनी १९२३ साली 'नवाकाळ' सुरू केला आणि त्यांचे नातू नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुलींनी, म्हणजे वासंती, जयश्री आणि रोहिणी यांनी, भारतीय महिलांच्या बुद्धिबळाचा पाया घातला. १९७४ साली बंगळूरला पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा झाली ती वासंतीने जिंकली. त्यापुढची बरीच वर्षे ते विजेतेपद घराबाहेर गेले नाही. रोहिणीने १९८१ साली आशियाई विजेतेपद मिळवले. पुढे जयश्री आणि रोहिणी दोघींनी वृत्तपत्रांचे संपादन केले. नाटककार-संपादकाच्या पणत्या, स्वतः संपादक आणि स्वतः राष्ट्रीय विजेत्या! मराठीतला पहिला मोठा टीपाग्रंथ याच घरातून यायला हवा होता, असे म्हणण्याचा मोह होतो. पण रोजचा अग्रलेख आणि जुना डाव यांत अग्रलेख जिंकतो, हे संपादकाच्या धंद्यात गृहीतच आहे.

सांगलीच्या पटावरून पुढे आलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे यांनी राष्ट्रीय महिला विजेतेपद पाच वेळा मिळवले. स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाल्या. या पिढ्यांना खेळ आला तो गुरुमुखातून. डाव संपला की दोघे खेळाडू आणि गुरुजी पुन्हा मोहरी मांडतात, 'इथे हत्ती का उचललास?' हा प्रश्न येतो, उत्तर येते, ते खोडले जाते. हेच भाष्य. जगातली बहुतेक उत्तम टीका अशीच बोलण्यात होते आणि विरून जाते. गाण्यातल्या तालमीसारखे हे आहे: घराणे टिकते, पण गुरूने कोणत्या जागी काय सांगितले ते शिष्याबरोबर जाते. भातखंड्यांनी चिजा लिहून ठेवल्या तेव्हा उस्तादांनी नाके मुरडली होती. तरीही आज आपण भातखंड्यांचे ऋणी आहोत.

आता आवडत्या लेखकांविषयी. फिलिदोरच्या १७४९ च्या ग्रंथापासून या प्रकाराचा आरंभ धरतात. त्याने चाली कमी आणि कारणे जास्त दिली, हे त्याचे मोठेपण. प्याद्यांना त्याने प्रथम अर्थ दिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टाइनिट्झने लंडनच्या 'द फील्ड'मधल्या सदरातून टीकेला शास्त्राचे रूप दिले, आणि टाराशने १८९५ साली स्वतःच्या तीनशे डावांचे पुस्तक काढून तिला शाळेचे रूप दिले. टाराश आम्हांला विद्यार्थ्याला नेमावासा वाटतो, स्वतः पुन्हा वाचावासा वाटत नाही. त्याच्या पुस्तकात टाराश नेहमी बरोबर असतो. जिंकलेला डाव सुरुवातीपासून जिंकलेलाच होता असे भासवणे, हा टीपाकाराचा सर्वांत जुना रोग. चरित्रकारांनाही तो जडतो. थोर पुरुष पाळण्यातच थोर दिसू लागतो, तसा विजेता पहिल्या प्याद्यापासूनच विजेता दिसू लागतो.

अलेखाइनच्या टीपांत मात्र आग आहे. 'न्यूयॉर्क १९२४' या स्पर्धेवरचे त्याचे पुस्तक आणि स्वतःच्या निवडक डावांचे खंड वाचताना, विचार करणारा माणूस आपल्याशेजारी बसला आहे असे वाटते. परंतु याच अलेखाइनने १९१५ च्या मॉस्कोतल्या एका डावात पटावर एकाच वेळी पाच वजीर आल्याचे सांगितले, आणि तो डाव तसा खेळलाच गेला नव्हता. टीपेतल्या एका संभाव्य वाटेचे त्याने घडलेल्या डावात रूपांतर केले, हे पुढे संशोधकांनी दाखवून दिले. कथाकार म्हणून त्याचे हात चुंबावेत, इतिहासकार म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवू नये. बखरींच्या बाबतीत आपण हेच शिकवतो.

आमची खरी आवड ब्रॉनस्टाइन. १९५३ साली स्वित्झर्लंडमध्ये, नॉयहाउझन आणि झ्यूरिक येथे, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवण्यासाठी पंधरा खेळाडूंची स्पर्धा झाली. २१० डाव झाले, स्मिस्लोव्ह पहिला आला. ब्रॉनस्टाइन स्वतः त्या पंधरांत होता. त्याने सगळ्या २१० डावांवर लिहिले. आपल्याच स्पर्धेचा वृत्तान्त लिहिणारा माणूस स्वतःची बाजू घेईल अशी अपेक्षा असते. इथे ती फोल ठरते. पुस्तकाची खरी खुबी चालींच्या हिशेबात नाही, मध्येच थांबण्यात आहे. काळ्या घरांची दुर्बलता म्हणजे काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात डोकावणार असे वाटले की तो डाव तसाच ठेवून दोन परिच्छेद त्यावर बोलतो आणि मग परत येतो. ज्ञानदेव ओवीतून ओवीत दृष्टान्त मांडत मूळ श्लोकाची वाट थोडा वेळ सोडतात आणि त्या सोडण्यातच श्लोक उजळतो. हे ज्याने वाचले आहे त्याला ब्रॉनस्टाइनची चाल ओळखीची वाटेल. आवेर्बाख-कोतोव्ह डावात कोतोव्हने तिसाव्या चालीला वजीर देऊन पांढऱ्या राजाला पटाच्या मध्यावर ओढून काढले. तो डाव कोणीही मांडून दाखवील. पण ज्या डावांत काहीच घडले नाही, पंचवीस चालींत बरोबरी झाली, त्यांविषयीही वाचण्याजोगे दोन शब्द लिहिणे ही ब्रॉनस्टाइनची कमाई. वर्गात उत्तम कवितेवर बोलणे सोपे असते. मध्यम कवितेवर प्रामाणिकपणे बोलता आले तर तो शिक्षक.

ताल हा दुसरा. त्याच्या आत्मचरित्रपर डावसंग्रहात एक हकिकत आहे. वास्युकोव्हबरोबरच्या एका डावात घोडा द्यावा की न द्यावा याचा तो हिशेब करू लागला, वाटा फुटत गेल्या, डोके गोंधळले, आणि कोठून तरी चुकोव्हस्कीच्या बालकवितेतला दलदलीत रुतलेला पाणघोडा त्याच्या मनात शिरला. बराच वेळ तो त्या पाणघोड्याला बाहेर कसे काढावे याचाच विचार करीत बसला: दोर लावावेत, यंत्रे आणावीत. अखेर जमेना, तेव्हा 'बुडू दे' म्हणून त्याने पाणघोडा सोडला. पटाकडे पाहिले तर घोड्याचे बलिदान हिशेबाने ठरण्याजोगे नाहीच, ते अंतःप्रेरणेनेच करायचे, हे त्याला दिसले. त्याने घोडा दिला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आले की मिखाइल तालने चाळीस मिनिटे विचार करून अचूक हिशेबाने बलिदान केले. डावावरच्या टीकेविषयी याहून मार्मिक काही आमच्या वाचनात नाही. बाहेरून पाहणारा टीकाकार चाळीस मिनिटे मोजतो; पाणघोडा त्याला दिसत नाही.

फिशरच्या १९६९ च्या 'माय सिक्स्टी मेमोरेबल गेम्स' या पुस्तकाचे नावच बोलके आहे: उत्तम डाव नव्हेत, स्मरणात राहिलेले. म्हणून त्यात हरलेले डावही आहेत, बरोबरीचेही आहेत. त्यांतला बोट्‌विनिकबरोबरचा वार्ना येथील १९६२ च्या ऑलिम्पियाडमधला डाव तर टीकापरंपरेचा आदर्शच म्हणावा. फिशरचे पारडे जड असताना डाव तहकूब झाला. रात्रीतून सोव्हिएत संघाने शोध घेतला, गेलरला बचावाची वाट सापडली, आणि डाव बरोबरीत सुटला. पुढे बोट्‌विनिकने टीपेत लिहिले की बरोबरी होतीच. फिशरने आपल्या पुस्तकात चाली देऊन दाखवले की विजय होता. मग बोट्‌विनिकच्या शाळेत शिकणाऱ्या तेरा वर्षांच्या कास्पारोव्हने फिशरची वाट अडवणारी चाल शोधली. डाव एका दिवसाचा, वाद पुढची कित्येक वर्षे. शांकरभाष्यावर वाचस्पती मिश्रांची भामती, भामतीवर देवगिरीच्या यादवांच्या काळातल्या अमलानंदाचा कल्पतरू, कल्पतरूवर अप्पय्य दीक्षितांचा परिमल, ही साखळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवे वाटू नये. पूर्वपक्ष मांडायचा, तो प्रतिपक्षाला मान्य होईल इतक्या ताकदीने मांडायचा, आणि मग उत्तरपक्ष. वाईट टीपेत पूर्वपक्ष दुबळा असतो; हरणाऱ्याच्या चालीला एकही चांगले कारण दिलेले नसते.

१९६६ साली बेलग्रेडहून 'शाहोव्स्की इन्फॉर्मेटर' निघू लागले आणि टीकेतून भाषाच गेली. सर्व देशांच्या वाचकांना कळावे म्हणून शब्दांऐवजी चिन्हे: चांगल्या चालीला उद्गारचिन्ह, चुकीला प्रश्नचिन्ह, पांढऱ्याची सरशी दाखवायला अधिक-उणे, अनिश्चिततेला आडवा आठ. सोय मोठी झाली. पण प्रश्नचिन्हाने चूक कळते, मोह कळत नाही. उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्ह शेजारी ठेवून 'चाल रोचक आहे' असे सुचवता येते. ती रोचक का, हे सांगायला वाक्यच लागते. आमच्या परीक्षांच्या उत्तरपत्रिकांतही हल्ली अशीच चिन्हे दिसू लागली आहेत, पण तो विषय वेगळा.

मग संगणक आला. कास्पारोव्हने २००३ ते २००६ या काळात आपल्या पूर्वसूरींवर पाच खंड लिहिले; त्याला यंत्राचे साहाय्य होते, आणि वाचकांनी त्याहून मोठ्या यंत्रांनी त्याच्या चुका काढल्या. आज कोणाही शाळकरी मुलाच्या खिशात जगज्जेत्यापेक्षा बलवान टीकाकार असतो. तो कारण देत नाही, आकडा देतो. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या चौदाव्या डावात पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती सरकवला. यंत्राचा आकडा एका क्षणात बरोबरीवरून पराभवावर गेला, आणि जगभर सगळ्यांना एकदम कळले की चूक झाली. पण चूक म्हणजे काय झाले? हत्तींची मारामारी झाल्यावर पांढऱ्याचा उंट पटाच्या कोपऱ्यात अडकलेला राहतो, तो उंटाशी बदलून घेणे काळ्याला शक्य होते, आणि मग नुसत्या प्याद्यांच्या लढाईत एक प्यादे जास्त असलेला जिंकतो. हे वाक्य आकड्यात नाही. तीन आठवडे झुंजून थकलेल्या माणसाला बरोबरी जवळ दिसली की मोहऱ्यांची अदलाबदल किती गोड वाटते, हे तर आकड्यात मुळीच नाही. टीपाकाराचे काम आता चूक शोधण्याचे राहिलेले नाही. ती शोधून मिळते. चूक समजावून देण्याचे काम उरले आहे, आणि ते पूर्वीपेक्षा अवघड आहे.

यंत्रांच्या आपसांतल्या डावांवरही आता ग्रंथ होतात. अल्फाझीरोच्या डावांवर सॅडलर आणि रीगन यांनी २०१९ साली लिहिलेले पुस्तक वाचताना आम्हांला मीमांसकांची आठवण झाली. कर्ता नाही, विवक्षा नाही, तरी वाक्याला अर्थ आहे आणि तो लावायचा आहे. अपौरुषेयावर भाष्य कसे करावे याचा अनुभव या देशाला पुष्कळ आहे. त्याचा असा उपयोग होईल असे जैमिनीला वाटले नसेल.

मराठीत याचे काय? रघुनंदन गोखले यांनी 'लोकसत्ते'तून २०२३ साली 'चौसष्ट घरांच्या गोष्टी' लिहिल्या. द्रोणाचार्य पुरस्काराचा मानकरी असलेला प्रशिक्षक मराठीत लिहितो, याचा आनंद आहे. नावाप्रमाणे त्या गोष्टी आहेत, माणसांच्या आणि प्रसंगांच्या. वृत्तपत्राच्या वाचकाला हेच हवे. पण चाळीस चालींचा एक डाव घेऊन पंचवीस पाने मराठीत लिहिलेली टीका आम्हांला अजून हवी आहे. ती लिहायला बसले की पहिली अडचण भाषेची येते. या गावातली मुलेसुद्धा स्पर्धेनंतर 'नाईट जी फाईव्ह का नाही खेळलास?' असेच विचारतात. घोडा, उंट, हत्ती, वजीर हे शब्द घरी आजोबांशी खेळताना; पटावर विचार करताना इंग्रजी. उलट बुद्धिबळाचे जुने मराठी शब्द टिकले ते राजकीय बातमीदारांच्या कृपेने. शह, काटशह, प्यादे पुढे करणे, अडीच घरे चालणे, यांतले प्रत्येक पद सकाळच्या वर्तमानपत्रात सापडते. काटशह म्हणजे शहाला शहानेच दिलेले उत्तर, हा मूळ अर्थ मात्र ते वाचणाऱ्या कितीजणांना सांगता येईल?

काही शब्द तयार आहेत. मोहऱ्याला दुसऱ्याचा आधार असणे याला 'जोर' म्हणतात. यापेक्षा चांगला शब्द कोणत्या भाषेत असेल असे वाटत नाही. कूट, कोंडी, उठाव, बगल हे लष्करी आणि शास्त्री दोन्ही बाजूंनी आपल्याकडे आले आहेत. अडते ते 'त्सुगत्स्वांग'सारख्या शब्दापाशी. चाल करण्याची पाळी आहे, प्रत्येक चाल घातक आहे, आणि न करण्याची मुभा नाही, अशी अवस्था. जर्मनातला हा शब्द सगळ्या भाषांनी जसाच्या तसा उचलला. 'चालसक्ती' म्हटले तर अर्थ येतो, पण कानाला सरकारी परिपत्रकासारखे लागते. 'अगतिक' हा शब्द हाताशी आहे, आणि त्यात गतीही आहे. पण इथे गती नाही असे नसते, गती करावीच लागते हीच अडचण असते. त्यापेक्षा 'पाळी येणे' हे साधे क्रियापद आम्हांला बरे वाटते: काळा राजा कोपऱ्यात, प्यादी एकमेकांना भिडलेली, आणि काळ्यावर पाळी आलेली.